पक्षी दिसेनासे होतात तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोथरूडला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहता. आवारात एक जुना उंबर, शेवगा, कढीपत्ता आणि जास्वंदीचं कुंपण आहे. मार्चमध्ये रोज येणारा चकचकीत जांभळा शिंजीर पावसाळ्यात दिसेनासा झाला. उन्हाळाभर पहाटेपासून ओरडणारा कोकीळ आता ऑगस्ट संपता संपता ऐकू येत नाही. गेल्या हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यावर शेपूट थरथरवणारा एक लहान पक्षी यायचा, तोही एप्रिलमध्ये नाहीसा झाला. पक्षी कमी होत चाललेत का, ऋतू बदलला की ते ओळखायचे कसे, दुर्बीण आणि ॲप कोणतं घ्यावं, दाणे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

तिघांपैकी खरोखर गेला तो एकच. शिंजीर तुमच्याच शेवग्यावर असणार, फक्त त्याने पिसं बदललीत. कोकीळ उंबरातच बसतो, पण गप्प. शेपूट थरथरवणारा तो थिरथिरा. तो मात्र हिमालयात आणि त्यापलीकडच्या उंच, उघड्या मुलखात घरटं करायला गेला, ऑक्टोबरच्या आसपास परत येईल. म्हणून कुणी "हा कोणता पक्षी?" असं विचारलं की मी रंगाच्या आधी महिना विचारतो. महिना कळला की निम्मी नावं आपोआप गळतात. उरलेल्यांत जो पक्षी "नाही" वाटतो, तो खरंच गेलाय, गप्प झालाय, वेगळा दिसायला लागलाय की शेजारच्या टेकडीवर सरकलाय, एवढं शोधायचं राहतं.

शिंजिरापासून सुरू करू, कारण त्याच्याइतकं लोकांना कुणी फसवत नाही. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत, साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत, निळा-जांभळा चमकतो. ढगाळ उजेडात तोच नुसता काळा दिसतो. वीण संपली की ही पिसं झडतात आणि तो जवळपास मादीसारखा होतो. वरून मातकट हिरवट, खालून पिवळट. हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक जाड काळपट पट्टा मात्र उरतो. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात टाय घातलेली शिंजीर मादी जास्वंदीवर दिसली, तर तो तुमचा मार्चमधलाच नर समजा. खांद्याशी थोडी निळी चमकही राहते, पण ती बघायला ऊन हवं. डिसेंबर-जानेवारीत तो ठिकठिकाणी काळा पडायला लागतो आणि तेव्हा इतका विचित्र दिसतो की दर वर्षी कुणी ना कुणी मला "नवीन जात सापडली" म्हणून फोटो पाठवतं.

त्याचा शेजारी पंचरंगी शिंजीर असले उद्योग करत नाही. नराची तांबूस-तपकिरी पाठ, छातीवरचा गडद पट्टा आणि पिवळं पोट वर्षभर तसंच राहतं. म्हणजे ऑक्टोबरात रंगीत शिंजीर दिसला तर पुण्यात तो बहुधा हाच. माद्या ओळखायच्या तर गळा बघा. पंचरंगीच्या मादीचा गळा राखट पांढरा आणि छाती पिवळी असते, जांभळ्याच्या मादीचा गळाही पिवळसरच असतो. कोकणातल्या वाचकांनी चोचीकडेही लक्ष द्यावं. तिकडे लांब, जास्त बाकदार चोचीचा लोटेनचा शिंजीर बागांत येतो आणि त्याचा नर लांबून जांभळ्या शिंजिरासारखाच दिसतो.

पिसं बदलणारे आणखीही आहेत. सुगरणीच्या नराचं पिवळं डोकं पावसाळ्यापुरतं असतं, एरवी तो चिमणीच्या मादीसारखा दिसतो आणि थव्यात कुणी त्याच्याकडे बघतही नाही. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर उन्हाळ्याच्या शेवटी नारिंगी रंग चढतो. मातकट ढोकरीची पाठ त्याच सुमाराला गडद मरून होते. चिमण्याची चोच बघा, विणीच्या दिवसांत ती काळी असते, एरवी फिकी.

आता कोकीळ. कुहू-कुहू करणारा नर काळा, लाल डोळ्यांचा. फेब्रुवारीत तो अर्धवट, घोगऱ्या आवाजात सुरू होतो, मार्चपासून जोर धरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओसरतो. हे सगळं कावळ्याच्या वेळापत्रकावर चालतं, कारण त्याची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि आपल्याकडे गावकावळे साधारण एप्रिलपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत घरटी बांधतात. कावळ्यांची घरटी संपली की ओरडायचं कारणही संपतं. पण पक्षी इथेच असतो. उंबराला फळं धरली की सकाळी दहा मिनिटं नुसतं झाडाच्या आत बघत राहा. पांढऱ्या ठिपक्यांची तपकिरी मादी बऱ्याचदा नराच्या आधी दिसते आणि तिला कोकिळा म्हणून कुणी ओळखत नाही. कावळ्याच्या मागे मागे तोंड उघडून फिरणारं कोकिळेचं पिल्लू जून ते ऑगस्टमध्ये पाहायला मिळतं, तेव्हा यंदाचं कदाचित अजूनही दिसेल.

पावशाचंही असंच. "पेरते व्हा, पेरते व्हा" पावसाच्या बऱ्याच आधी, उन्हाळ्यातच सुरू होतं, पाऊस स्थिरावला की थांबतं. हिवाळ्यात हा पक्षी मुका असतो आणि तेव्हा सगळे त्याला शिक्रा समजतात. पाठ राखी, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढब तीच. चोच पाहा. शिक्र्याची शिकारी, आकडेदार असते, पावशाची सरळ आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. दोघांनाही पाहून सातभाई हे झुडपांतले पक्षी एकसारखाच गोंधळ घालतात, त्यामुळे त्यांच्या आरड्याओरड्यावरून काही ठरवू नका.

पक्षी कमी होताहेत का, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात, ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या सुमारे ६० टक्के घटल्याचं दिसतं. पण घटणारे बरेचसे माळरानाचे, पाणथळीचे आणि शिकारी पक्षी आहेत. कोकीळ, मोर, पारवा आणि राखी वटवट्या यांचं बरं चाललंय. कोकीळ ऐकू येत नाही म्हणून काळजी करू नका, कॅलेंडर बघा.

आता खरी मजा, ती म्हणजे येणारे पाहुणे. तुम्ही प्रश्न विचारलाय तो अगदी मोक्याच्या वेळी.

ऑगस्टच्या शेवटी, पाऊस चालू असतानाच, धोबी उतरायला लागतात. पहिला मान बहुधा करड्या धोब्याचा. पाठ राखाडी, पोट पिवळं, शेपूट लांब आणि सतत वर-खाली. गच्चीवर पाणी साचलं असेल किंवा टाकी वाहत असेल तिथे हा चालत चालत किडे टिपतो. याच सुमाराला जास्वंदीच्या कुंपणातून कुणी तरी "चक्… चक्…" करतं आणि काही केल्या दिसत नाही. तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर (वॉर्बलर म्हणजे चिमुकले, किडे टिपणारे पक्षी), रशिया-मध्य आशियाकडचा, सगळा हिवाळा भारतीय उपखंडात काढणारा. रंग मातकट, अंगावर एकही खूण नाही, नवख्याला वैताग आणणारा. डोळ्यांनी त्याच्यामागे लागू नका, कानांनी धरा. एकदा ते "चक्" ओळखू आलं की शहरातल्या प्रत्येक कुंपणात तो एप्रिलपर्यंत सापडतो. वरच्या फांद्यांमध्ये मात्र "चि-वी, चि-वी" करत हिरवट वॉर्बलर फिरतो. त्याची आणि आपल्या शिंप्याची गल्लत होते. शिंप्याचं डोकं तांबूस, शेपूट ताठ वर आणि आवाज आकाराला न शोभणारा मोठा. हिरवट वॉर्बलरचं शेपूट खाली असतं आणि त्याच्या डोळ्यावर फिकी भुवई दिसते.

हे दोन "कंटाळवाणे" पक्षी आधी शिका असा माझा आग्रह असतो. बहुतेकांना स्वर्गीय नर्तक हवा असतो. लांब पांढऱ्या शेपटीचा तो नर सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये जाता-येता एखाद्या दाट आवारात उतरतोही. पण तो नशिबाचा भाग, आणि वॉर्बलर रोजचे. ऋतू कुठल्या तारखेला वळला हे या रोजच्या मंडळींवरूनच कळतं.

ऑक्टोबरात थिरथिरा येईल. नर वरून काळा, पोट विटकरी. मादी तपकिरी. दोघांचंही शेपूट तांबूस आणि ते थरथरवायची सवय अशी की लांबूनही ओळख पटावी. चिरकाशी घोळ होतो. चिरक आपला रहिवासी, शेपूट काळं आणि पाठीवर उभं धरलेलं, बुडाशी तांबडा ठिपका. थिरथिऱ्याची थरथर खालच्या दिशेने असते आणि तांबूस रंग शेपटीच्या बाजूंना पसरलेला असतो. कठडे, पत्र्याच्या शेड, अर्धवट बांधकामं ही त्याची आवडती ठिकाणं. तुमच्या गच्चीवर त्याची एक ठरलेली जागा असणार, पहिल्यांदा तिथेच बघा.

त्याच सुमाराला लाल छातीचा माशीमार येतो. चिमणीहून लहान, मोठ्या डोळ्यांचा, काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरे चौकोन, आणि मधूनच "ट्रर्र" अशी कोरडी खरखर. नारिंगी गळा फक्त वयात आलेल्या नराला असतो, तेव्हा त्याची वाट बघू नका. आणखी एक, कोतवाल तारेवर बसलेला असेल तर तो बहुधा नेहमीचा. झाडीच्या वरच्या टोकावर असेल, अंगावर राखाडी झाक आणि डोळे लालभडक असतील तर हिवाळी पाहुणा राखी कोतवाल.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ही मंडळी स्थिरावलेली असतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. तारखा जयंत्यांमुळे ठरल्या, पण निरीक्षण सुरू करायला याहून चांगला आठवडा मिळणार नाही. पाने विरळ होऊ लागलेली, आभाळ स्वच्छ, पाहुणे हजर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांकडे बघा. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि पंख, अखंड कलकल. ही मंडळी मध्य आशियाकडून येतात. हिवाळ्यात सोलापूरकडच्या ज्वारीच्या शेतकऱ्याला त्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिल उलटता उलटता थवे परत निघतात. आवारात पांगारा नसेल तर फार तर डोक्यावरून जाताना दिसतील.

उन्हाळा हा रहिवाशांचा काळ. दयाळ पहाटे गायला लागतो, तांबट दुपारभर "टुक टुक टुक" करत राहतो. तांबट वाळक्या फांदीत, बहुधा तिच्या खालच्या बाजूने, गोल भोक कोरून घरटं करतो. आणि नेमकी त्याच वेळी, पावसाआधी, सोसायटीची छाटणी निघते. धोकादायक फांदी काढावीच लागते, त्यावर वाद नाही. पण "वाळलेलं सगळं काढा" असं कंत्राटदाराला सरसकट सांगू नका. शक्य असेल तिथे छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरवर ढकला आणि कुऱ्हाड लावण्याआधी कुणी तरी खाली उभं राहून भोकं आणि घरटी बघा. झाड तोडायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, हे समितीला आठवण करून दिलेलं बरं.

पावसाळ्यात निरीक्षण बंद ठेवणारे खूप आहेत, त्यांना काय सांगावं! कुंपणाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत वाढलं की राखी वटवट्या, ठिपकेवाली मुनिया आणि भारद्वाज तिथेच संसार थाटतात. जूनच्या सुमाराला आफ्रिकेकडून पावसाळी वाऱ्यांबरोबर चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, पंखावर पांढरा ठिपका. त्याला सातभाईंची घरटी हवी असतात, त्यामुळे आवारापेक्षा वेताळ टेकडीच्या झुडपांत शोधा. कोथरूडकरांना ती लांब नाही. वेडा राघू याच काळात जोराच्या पावसाच्या पट्ट्यातून बाजूला सरकतो आणि पाऊस ओसरला की तारेवर परत दिसतो. तो "गेला" म्हणजे जवळच कुठे तरी कोरड्या बाजूला गेला.

मे अखेर ते जून हे नवरंगाचे दिवस. दक्षिणेतून रात्री प्रवास करत येतो आणि दमून किंवा काचेवर आपटून कधी कधी थेट बाल्कनीत सापडतो. असा पक्षी मिळाला तर पाणी पाजायच्या भानगडीत पडू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि तासा-दोन तासांनी सावरला असेल तर झाडीजवळ सोडा. जखम दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेल्या पक्ष्यांसाठीही तोच क्रमांक. उन्हाळ्यात जमिनीवर उड्या मारणारं, पिसं आलेलं पिल्लू मात्र बहुतेक वेळा अनाथ नसतं. आई-बाप जवळच असतात. मांजर हाकला आणि त्याला तिथेच एखाद्या झुडपात ठेवा.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. याहून जास्त मोठं दाखवणारी हातात हलते. बाल्कनीतून बघणार असाल तर दुकानात दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का हे तपासा, बाकी दुकानदार जे सांगेल ते कानाआड करा. मर्लिन हे आवाजावरून ओळखणारं ॲप फुकट आहे आणि उपयोगीही. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. हरेवा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, दयाळही अधूनमधून करतो, आणि ॲप मग आवारात नसलेले पक्षी जाहीर करतं. अशा वेळी पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: या महिन्यात हा इथे शक्य आहे का? ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पुणे जिल्ह्याचा महिनावार तक्ता पाहिलात की लगेच उलगडा होतो. पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज मात्र वाजवू नका. विणीच्या काळात नराला वाटतं प्रतिस्पर्धी आला, आणि तो घरटं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

वही मात्र हवीच. तारीख, वेळ, कुठल्या झाडावर, काय करत होता, एवढं पुरे. दिसला नाही हेही लिहा. "२० एप्रिल, कठड्यावर थिरथिरा नाही" ही नोंद पुढच्या वर्षी सोन्याची ठरते. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा, कावळे आणि पारवेसुद्धा. बाल्कनीतून करता येतो.

दाणे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात दाणे म्हणजे पारवे. पारवे वाढले की चिमण्या-मुनिया मागे हटतात आणि विष्ठेमुळे फुप्फुसाचे आजार होऊ शकतात, हे डॉक्टर सांगतच असतात. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक पाहुणे तर किडे खाणारे, त्यांना दाण्यांचा उपयोग शून्य. पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको, सावलीत, आणि रोज घासून बदललेलं. नाही तर डास होतात आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय निघतो. कढीपत्त्याची फळं काळी पडली की तोडू नका, बुलबुल आणि कोकीळ ती खातात. जागा असेल तर एक सिंगापूर चेरी लावा, बुलबुल, तांबट आणि फूलटोचे तिच्यासाठी भांडतील. जास्वंदीवर औषध मारणं थांबवलंत तर कुंपणातल्या त्या "चक् चक्" वाल्याचं जेवण टिकेल.

सध्या एवढंच करा. रोज सकाळी सातच्या आसपास दहा मिनिटं, आधी पाण्याच्या टाकीजवळ धोबी बघा, मग कुंपणाकडे कान लावा, मग शेवग्यावरच्या प्रत्येक पिवळट शिंजिराचा गळा तपासा. थिरथिरा आला की तारीख आणि नर की मादी हे कळवा. मादी असेल तर चिरकाची शंका येईल, तेव्हा शेपटीचा फोटो जोडा, चेहऱ्याचा नको.